काढायचं कुणाला

"बादली नीट धर," मुलगा म्हणाला. त्याचा हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता.

आईनं बादली डाव्या हातानं धरली. उजवा हात गेले आठ दिवस कामाचा नव्हता. जाळीत मोठा ऑस्कर मासा आला, वीतभर लांब, काळ्या अंगावर नारिंगी डाग. बादलीत पडल्या पडल्या त्यानं अशी शेपटी मारली की पाणी तिच्या तोंडावर उडालं.

टाकीत आता एकच मासा उरला. तो फिल्टरच्या नळीमागे तिरका होऊन थांबला होता. एक पर मुळापासून फाटलेला, डोळ्यावर पांढरा पडदा. महिन्यापूर्वी तिघं होते. सगळ्यात लहानाला या मोठ्यानं अर्धमेलं केलं, म्हणून मुलानं लहानाला दुकानदाराकडे परत दिलं होतं.

"तिथंच माझी चूक झाली," मुलगा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. आवाज इतका मऊ की गिऱ्हाइकं म्हणायची, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. "मार खाणाऱ्याला काढून काही होत नाही, आई. मारणाऱ्याला वाटतं, टाकी आपलीच. मग तो पुढचा धरतो. काढायचं असतं मारणाऱ्याला."

"आणि परत सोडल्यावर सुधारतो?"

"आधी आतले दगड हलवायचे. त्याची जागा मोडायची. मग तो पाहुण्यासारखा येतो. काही सुधारतात. जे नाही सुधारत, त्यांना कायमचं एकटं ठेवायचं."

मोठ्याला त्यानं बाल्कनीतल्या रिकाम्या टाकीत सोडलं. हात साबणानं धुतले, डबा उचलला आणि कामावर गेला.

सून जाऊनही महिनाच झाला होता. जाताना तिचा ओठ फुटलेला होता आणि एका कानानं ऐकू येत नव्हतं. आईनंच तिची बॅग भरली होती. "थोडे दिवस माहेरी राहा. त्याचं डोकं ताळ्यावर येऊ दे," असं सांगून तिला गाडीत बसवलं होतं. शेजारणीनं विचारलं, तर म्हणाली, सुनेच्या आईला बरं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी निघाली तेव्हा सुनेनं खिडकीतून तिच्याकडे पाहिलं होतं.

आई टाकीसमोर बराच वेळ बसून राहिली. फाटक्या पराचा मासा नळीमागून बाहेर आलाच नाही. मोठा तिथं नाही, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

दुपारी तिनं चावीवाल्याला बोलावलं.

"चोरी झाली का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग चांगलं कुलूप कशाला काढता?"

"किल्ल्या नको त्याच्याकडे गेल्यात."

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि जुनं कुलूप खोलायला घेतलं. तो गेल्यावर तिनं मुलाचे कपडे दोन बॅगांत भरले. एका हातानं भरायला तासभर लागला. बॅगा दाराबाहेर ठेवल्या. मग शेजारणीची बेल वाजवली आणि म्हणाली, "सुनेची आई ठणठणीत आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले होते. आज रात्री आठ वाजता तो येईल, तेव्हा इथं आरडाओरडा झाला तर पोलिसांना फोन करा."

घरात येऊन तिनं आतून कडी लावली आणि सुनेला फोन केला.

"तू ये. कुलूप बदललंय. त्याचं सामान बाहेर ठेवलंय. घर माझ्या नावावर आहे, आता तो आत यायचा नाही."

पलीकडे सून रडायला लागली. "आई, पोटच्या मुलाला बाहेर काढलंत? माझ्यासाठी?"

हो म्हणणं सोपं होतं. आईच्या ओठांवर ते आलंही होतं.

"तुझ्यासाठी नाही गं," ती म्हणाली. "तुला मारायचा तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तू गेलीस, माझी पाळी आली, तेव्हा कुठं मला कुलूप सुचलं."