लादीखालची ओ

श्यामकांतकाकांच्या थापा ठाकूरद्वारच्या साऱ्या वाडीला पाठ होत्या. "बारसं गच्चीवर कर गं," ते सुरुचीला म्हणाले. "इथे चाळ बांधण्याच्याही आधी बारशापूर्वी गेलेली तान्ही पुरत. चाळ होती तेव्हाही तळमजल्यावर कुणी पोराचं नाव ठेवलं नाही."

"काका, तुम्ही बटाटेवडा खा बघू!" सुरुची हसली आणि पाळणा तळमजल्यावरच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्येच बांधला.

अनुजाआत्या पाळण्यात वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "कुर्रर्र... इरा!"

"हूं," हुंकार आला.

"अगो बाई, बारा दिवसांची पोर ओ देते!" सगळ्या हरखल्या. सुरुचीला मात्र तो हुंकार पायाखालच्या लादीतून आल्यासारखा वाटला.

पाहुणे गेल्यावर तिने हळूच हाक मारली, "इरा?"

हुंकार लादीखालूनच आला. पाळण्यातली पोर गाढ झोपली होती.

"राहू दे ते नाव खालच्याला," सुरुचीने लेकीला छातीशी घेतलं. "तू माझी मुक्ता."

लादीखालून दुसराच आवाज हुंकारला.

"शर्वरी?" तिसरा.

पोरीला नाव तर हवंच होतं. सुरुचीने ओठ घट्ट मिटले आणि एक नाव फक्त मनात घेतलं.

खालून सगळ्यांनी एकदम ओ दिली.