पुस्तकातली मुलगी

चौदाव्या पानावरची मुलगी सव्विसाव्या पानावरही होती. संपादकबाईंनी छपाईपूर्वीच्या पानांचा गठ्ठा पुन्हा चाळला. चुंबक असो, तराजू असो की सूक्ष्मदर्शक, डाव्या भुवईवर व्रण असलेली तीच मुलगी.

सातवीच्या विज्ञानाच्या जुन्या पुस्तकावर बरीच टीका झाली होती. त्यात प्रयोग मुलगे करायचे आणि मुली शेजारी उभ्या असायच्या. नव्या आवृत्तीत मुलींना उपकरणांपाशी आणायचं ठरलं. चित्रकाराने त्या इतक्या जिवंत काढल्या, की समितीने त्याची पाठ थोपटली.

आता मात्र बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नात्यातल्या कुणाचा चेहरा पुस्तकात वापरायचा नाही, असा नियम होता. ही कोण, असं त्यांनी चित्रकाराला सरळच विचारलं.

तो जरा घुटमळला. "माझी मुलगी आहे, बाई. सातवीतच आहे. विज्ञानाचं भारी वेड तिला."

उद्या तिला घेऊन या, मग काय ते ठरवू, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. मुलीची परीक्षा होती म्हणे. पुढच्या आठवड्यात तिची सहल निघाली, त्यानंतर ताप आला. परीक्षा तर महिन्यापूर्वीच संपल्या होत्या, हे बाईंना ठाऊक होतं. ही याची मुलगी नसणारच. कुणा बड्या माणसाच्या लेकीला हा गुपचूप पुस्तकात बसवतोय, की कुणाचे फोटो परस्पर उचलतोय?

एका दुपारी तो कार्यालयात कामात असताना बाई चित्रं घेऊन थेट त्याच्या घरी गेल्या.

दार उघडणाऱ्या मुलीच्या डाव्या भुवईवर व्रण होता. हात पिठाने माखलेले. आत बाळ रडत होतं.

म्हणजे तो खरंच बोलत होता. बाई ओशाळल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आज शाळा नाही का?"

"चौथीनंतर बाबांनी शाळेतून नाव काढलं," ती सहज म्हणाली. "आई कामाला जाते. घर कोण बघणार?"

बाईंनी चित्रं पुढे केली. स्वतःला ओळखून मुलगी लाजली. हात फ्रॉकला पुसून तिने एकेक पान उलटलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या चित्रापाशी ती बराच वेळ थांबली.

"बाई, मी यात काय बघतेय?"