रविवारी नक्की

जयसिंगपूरहून वडिलांचा निरोप आला, "प्राची, कधी येतीस गं?"

कोल्हापुरात बसलेल्या प्राचीनं लॅपटॉपवर नेहमीची दोन अक्षरं दाबली. भरून ठेवलेलं अख्खं वाक्य आपोआप उमटलं: "अप्पा, कामात आहे. रविवारी नक्की येते."

"रोज त्येच उत्तर! सवता लिवतीस न्हवं?"

"व्हय की, अप्पा."

दुसऱ्या दिवशी अप्पा गेले.

महिन्यानं चुकून तीच अक्षरं दाबली गेली. उमटलं: "प्राची, मी मोकळा आहे. रविवारी नक्की येतो."

तिनं वाक्यांची यादी उघडली. तिथं जुनंच वाक्य होतं. अक्षरं पुन्हा दाबली, तर पुन्हा अप्पांचंच.

रविवारी तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. दुपारी जिन्यात अप्पांच्या चपला करकरल्या आणि दाराशी थांबल्या.

कडीला हात न लावता ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, मला यायचंच नव्हतं."