बर्फाचे टायर

“दोन नाही, चार! चारही चाकांना!” कमलाकरराव फोनमध्ये ओरडले. हातातला चहा बशीत सांडला.

पलीकडून, कॅनडातून, त्यांची सून मिताली शांतपणे म्हणाली, “पण बाबा, गाडीला जोर मागच्या चाकांचा आहे ना? मग फक्त मागेच बर्फाचे टायर लावले तर?”

“तर गाडी पळेल, पण थांबणार नाही. वळतात पुढची चाकं. ब्रेकचा भारही जास्त पुढच्याच चाकांवर. त्यांना जुनं कडक रबर ठेवलं, की वळणावर गाडी सरळ नालीत! हे मी तुला परवाही सांगितलं.”

“हो, सांगितलं होतं,” मिताली म्हणाली. “बरं बाबा, उद्या करते फोन.”

यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या त्यांच्या घरात सध्या रोजची सकाळ अशीच जात होती. कमलाकररावांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. उमरखेडच्या आगारातून ते निवृत्त झाले. टायर त्यांना नवे नव्हते. बर्फ मात्र त्यांनी पाहिला होता तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. तरी सुनेनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा दुपारची झोप सोडून त्यांनी मोबाइलवर सगळं वाचून काढलं आणि स्वच्छ सांगितलं. थंडीत नरम राहील असं रबर घ्या. चारही टायर वेगळ्या रिमवर बसवा. रिम मूळच्यापेक्षा एक इंच लहान ठेवा, म्हणजे टायरची बाजू उंच मिळेल आणि खड्ड्यात रिम वाकणार नाही. विषय संपला.

विषय संपतच नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन. दुकानदार म्हणतो, स्पोर्ट्स सेडानला मोठीच रिम शोभते. शोभेनं गाडी थांबते का, कमलाकररावांनी विचारलं. मग आणखी लहान रिम काहून नको? कारण अशा गाड्यांचे पुढचे ब्रेक मोठे असतात, रिम त्यांना घासेल. मग रिम लोखंडी की अ‍ॅलॉयची? मग खिळ्यांचे टायर कसे? चाकातली हवा दाखवणारा सेन्सर लागतो का? प्रत्येक उत्तर ती नीट ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी, जणू काही ठरलंच नाही, अशी पुन्हा सुरू व्हायची.

गाडी त्यांच्या मुलाची, मंदारची. चालवायचा तोच. मग विचारायचं सुनेनं का, हा प्रश्न या घरात कुणी काढत नसे. तिकडचंच नागरिकत्व घेतोय, असं मंदारनं दोन वर्षांपूर्वी कळवलं, तेव्हा कमलाकरराव म्हणाले होते, “मग इकडे फोन करायचीही गरज नाही.” मुलानं ते ऐकलं. आईशी तो बोलायचा, तिच्या फोनवर. वडिलांशी त्यानंतर एक शब्दही नाही.

“काहून ओरडून राहिले तिच्यावर?” मंदारची आई, कुंदाताई, आतून आल्या.

“मग काय करू? ऐकायचंच नाही तर विचारून कायले राहिली? नवरा घरात आहे, त्याला विचार म्हणावं. की त्याला चाक गोल असतं एवढंही माहीत नाही?”

कुंदाताई सांडलेला चहा पुसून आत गेल्या.

दिवसभर कमलाकररावांचं डोकं तापलेलं होतं. पेपर उघडला आणि तसाच ठेवला. पोरांनी दोनच टायर लावले असतील, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. बर्फावरून आडवी सरकत जाणारी गाडी डोळ्यांसमोर येत होती, आणि आत मिताली. संध्याकाळी ते अर्ध्या ताटावरून उठले. एरवी फोन तीच करायची. आज त्यांनी स्वतः लावला, तोही व्हिडिओवर.

तिकडे सकाळ झाली होती. कानटोपी घातलेली मिताली घराबाहेर उभी होती.

“बाबा? तुम्ही? सगळं ठीक ना?”

“ठीक कसलं! मला गाडी दाखव. पुढचं चाक.”

“आत्ता? आम्ही निघतोय बाबा, उद्या सकाळी...”

“आत्ता!”

ती घुटमळली. मग तिनं फोन वळवला. सगळीकडे पांढरं. कमलाकररावांनी पडदा डोळ्यांजवळ आणला. पुढच्या चाकाला काळी, लहान रिम होती. टायरची बाजू चांगली उंच. खोल नक्षीत बर्फ दाबून बसलेला. मागचं चाक तसंच. पलीकडची दोन्हीही तशीच. आणि रिमवर चिखलाचे आणि बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे थरावर थर वाळलेले. हे काही काल-परवा बसवलेले टायर नव्हते.

“कधी बसवले हे?”

“तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ना, त्याच शनिवारी. जसं सांगितलंत तसेच.”

“मग इतके दिवस माझं डोकं कायले खाऊन राहिली तू?”

मितालीनं फोन स्वतःकडे वळवला. आवाज खाली आणला. “मी नाही हो, बाबा. मला टायरमधलं काय कळतं? प्रश्न मंदार शोधून देतो. मी फोन स्पीकरवर ठेवते, तो शेजारी बसून ऐकतो. तुम्ही चिडलात की त्याला हसू येतं. काल रात्री मात्र गप्प होता. म्हणाला, आता विचारायला काही उरलं नाही.”

तिच्या पाठीमागे कुणीतरी पाठमोरा उभा राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरडत होता. त्याचा हात थांबला.

कुंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. कमलाकररावांनी पडद्यातल्या त्या पाठीकडे पाहिलं.

“त्याला सांग...” ते म्हणाले, आणि अडले. मग भर आगारात हाक मारावी तसे मोठ्यानं म्हणाले, “मंदार! उन्हाळ्यासाठी कोणते टायर घेतोस?”