आजोबांचा अंगठा

स्नेहसंमेलनात वरचा सूर लावताना ऋजुताचा आवाज फाटला आणि तो व्हिडिओ सकाळपासून वर्गभर फिरत होता. केतकीने त्याखाली लिहिलं, ‘गाढवाच्या हातात माइक कुणी दिला?’

आता कमेंट पाठवायला फक्त फोनच्या काचेवर अंगठा टेकवायचा होता. पण अंगठा टेकवला की ते वाचून समोरच्याला जे वाटणार, ते आधी स्वतःला वाटायचं. तेवढं सोसलं तरच कमेंट पुढे जायची. वर्गातल्या पोरांनी त्यावर तोडगा काढला होता. घरातल्या कुणाचा तरी अंगठा वापरायचा.

गॅलरीत आजोबा आरामखुर्चीत बसले होते. वर्षभरात त्यांना कुणाचंच नाव आठवलं नव्हतं, केतकीचंही नाही. तिने त्यांचा अंगठा हळूच काचेवर ठेवला.

आजोबांनी झटक्यात हात मागे घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“काय झालं, आजोबा?”

“पोर आतून कडी लावून बसलीय गं. परत गाणार नाही म्हणते. कुणीतरी जा ना तिच्याकडे!”

केतकीच्या अंगावर काटा आला. नातीला न ओळखणारा माणूस कधी न पाहिलेल्या मुलीसाठी रडत होता. तिने वाक्य पुसलं, ‘मी येतेय’ एवढंच लिहिलं आणि या वेळी स्वतःचा अंगठा टेकवला.

आधी छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. मग श्वास हळूहळू मोकळा झाला आणि बोटांना लोखंडी कडीचा गारवा जाणवला.

ऋजुता दार उघडणार होती. केतकी अनवाणीच जिना उतरून धावत सुटली.