काउंटरमागचा फोटो

शहरात एकदा तरी जाऊन यावं अशा दहा बारच्या यादीत हा बार चौथा होता. यादीचं कात्रण बारमनने काउंटरमागच्या आरशावर मिरवलं होतं आणि शेजारीच चिकटवला होता एका हसऱ्या माणसाचा फोटो. नवी गिऱ्हाइकं हमखास विचारायची, "हे तुमचे मालक का हो?"

"छे! यांना दारू द्यायची नाही, म्हणून लावलाय."

फोटो त्या माणसाच्या बायकोनेच आणून दिला होता, लग्नाच्या अल्बममधून काढून. "हात जोडते, भाऊ. हे आले तर पाण्याशिवाय काही देऊ नका." बारमनने शब्द पाळला. नवरोबांनी आधी गयावया केली, मग शिव्या घातल्या, एकदा खुर्चीही आपटली. पण पठ्ठ्या बधला नाही. गेले चार महिने तर ते इकडे फिरकलेच नव्हते.

आज दुपारी बार नुकता उघडतोय, तोच फोटो देऊन गेलेल्या ताई दारात उभ्या. बारमनचा चेहरा खुलला.

"सुटली ना साहेबांची दारू एकदाची? म्हटलं नव्हतं मी! आता हा फोटो काढून टाकू ना?"

ताईंनी मान हलवली. त्याने चिकटपट्टी अलगद सोडवली, फोटोवरची धूळ बाहीने पुसली आणि बक्षीस द्यावं तसा तो त्यांच्या हातात ठेवला.

 

"परवा गेले ते. भिंतीवर लावायला घरात दुसरा हसरा फोटोच नाही, भाऊ."