गोष्टीतला हत्ती

परदेशी म्हातारीने पिशवीतून लाकडी हत्ती काढून द्वारकाबाईंच्या हातात ठेवला. तिच्या वडिलांनी याच हत्तीवर लिहिलेलं गोष्टींचं पुस्तक जगभर वाचलं जात होतं. "हा सावंतवाडीचा. इथेच राहायला हवा," असं ती म्हणाल्याचं द्वारकाबाईंच्या पुतण्याने त्यांना मराठीत सांगितलं.

जन्मभर खेळणी रंगवणाऱ्या द्वारकाबाईंनी हत्तीचा डोळा पाहिला आणि तो उजेडात धरला. कुंचला न उचलता काढलेली ती एक रेघ! "ह्यो माझ्या बापाशीचो हात!" वडील त्यांच्या लहानपणीच गेले होते; त्यांनी केलेलं एकूण एक खेळणं विकलं गेलं होतं. आणि या डोळ्याचा रंग जणू कालच वाळलेला.

"आत्या, आता हयच ऱ्हवांदे," पुतण्या म्हणाला.

द्वारकाबाईंचं बोट सोंडेवरून फिरलं. तिथला रंग पार उडाला होता. एका मुलीने रोज कुरवाळून लाकूड गुळगुळीत केलं होतं. त्यांनी हत्ती अलगद म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

"जल्माक घातलो बापाशीन, पण वाढवलो हिनाच. हिका सांग, घेऊन जा. पण आधी त्याची गोष्ट सांग म्हणावं. हय कोणीच ऐकूक नाय."

पुतण्याने ते सांगताच म्हातारीने डोळे पुसले. खेळणी रंगवणाऱ्यांच्या त्या चितारआळीतली माणसं ओसरीवर दाटीवाटीने बसली, पुतण्या अर्थ सांगायला तिच्या शेजारी बसला, आणि तिने पहिलं वाक्य उच्चारलं.